बटाट्याचा परासरणाचा प्रयोग उलटा येतो तेव्हा दोष कुठे शोधायचा

बटाट्याचा काप साध्या पाण्यात ठेवला की पाणी ओढून जड व्हायला हवा. दाट साखरपाण्यात ठेवला की पाणी सोडून हलका आणि लुळा पडायला हवा. पेशीच्या पातळ पडद्यातून, म्हणजे पटलातून, पाणी असं पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं, तेच परासरण. पुस्तकात एवढंच असतं. वर्गात मात्र साध्या पाण्यातला काप हलका होतो, साखरेतला जड होतो, शेजारशेजारच्या दोन गटांची रीडिंग जुळत नाहीत, आणि तास संपायला पाच मिनिटं उरली की मुलं ‘बरोबर’ आलेल्या गटाचे आकडे आपल्या जर्नलात उतरवून घेतात. आठवी-नववीपासून अकरावीच्या प्रॅक्टिकलपर्यंत दरवर्षी हेच चालतं. मला यात सगळ्यात जास्त वाईट त्या उतरवून घेण्याचं वाटतं. या प्रयोगात आकडे उगाच बिघडत नाहीत. प्रत्येक दोषाची आकड्यांवर स्वतःची खूण उमटते. आकडा कोणत्या बाजूला सरकलाय, एकच बिघडलाय की सगळे मिळून एकीकडे गेलेत, हे पाहिलं तर चूक कोणत्या पायरीवर झाली ते बहुतेक वेळा सापडतं.

‘नळाचं पाणी वापरलं म्हणून बिघडलं’

पहिला संशय नेहमी पाण्यावर जातो. डिस्टिल्ड वॉटर नव्हतं, म्हणून असं झालं, हे उत्तर मुलंही देतात आणि पालकही. मग कुणीतरी गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणतं आणि तरी रीडिंग तसंच येतं.

मुंबईच्या नळाला येणारं पाणी भातसा, वैतरणा, तानसा, विहार, तुळशी अशा तलावांचं, म्हणजे साठवलेल्या पावसाचं. त्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी. पण समजा तुमच्या इमारतीत टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येतं आणि त्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम मीठ आहे. मोल हे कण मोजायचं माप, आणि लिटरभर द्रावणात एक मोल असला की ते १ मोलर. मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅमचा, तेव्हा हे पाणी साधारण ०.००८५ मोलर झालं. विरघळल्यावर मिठाचे दोन आयन होतात म्हणून दुप्पट धरा, ०.०१७. आता बटाट्याकडे बघा. बटाट्याच्या पेशीतून पाणी ना आत जाईल ना बाहेर, असं साखरेचं द्रावण सहसा ०.२५ ते ०.३५ मोलरच्या आसपास सापडतं. आपलं बोअरिंगचं पाणी त्याच्या अठराव्या-विसाव्या हिश्शाचं. एवढ्याने फुगणारा काप आकसत नाही. पाण्याचा नाद सोडा आणि पुढे चला.

‘मिठात लुळा पडला, साखरेत ताठ झाला’

ही तक्रार मला सगळ्यात आवडते, कारण यात कुणाचीच चूक नसते आणि शिकण्यासारखं भरपूर असतं. एका गटाने १०० मिली पाण्यात चमचाभर मीठ घातलं, दुसऱ्याने चमचाभर साखर. मिठातला काप दोरीसारखा वाकायला लागला. साखरेतला उलट कडक झाला आणि वजनही वाढलं. मुलांना वाटतं, साखर घातली म्हणजे द्रावण दाट झालंच.

झालेलं नसतं. ५ ग्रॅम साखर १०० मिलीत म्हणजे ०.१५ मोलरही नाही. जिभेला ते गोड लागतं, पण पेशीच्या आतल्या रसापेक्षा ते पातळच आहे. पुस्तकाच्या भाषेत अवपरासारी. त्यातून पाणी पेशीत शिरणारच. तेवढंच ५ ग्रॅम मीठ १०० मिलीत घातलं की ०.८५ मोलर होतं आणि आयन दोन, म्हणून परिणाम १.७ मोलर साखरेच्या तोडीचा. वजन सारखंच, पण पाणी ओढण्याच्या जोरात जवळजवळ बारापट फरक. इथे मोजायचे असतात ते कण, ग्रॅम नव्हेत. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफने परासरणाच्या दाबाचा हा हिशेब मांडला आणि १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल त्याला मिळालं. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावलं की लगेच पाणी सुटतं, चिमूटभर साखरेने तसं सुटत नाही, तेही याच हिशेबाने.

यातलाच एक सापळा १० टक्क्यांचा. ‘सरळ आकडा’ म्हणून बरेच गट १०० मिलीत १० ग्रॅम साखर घेतात. ते द्रावण ०.२९ मोलरचं. म्हणजे बटाट्याच्या रसाच्या जवळपास बरोबरीचं, समपरासारी. अर्धा-पाऊण तास वाट पाहून वजन केलं तर काटा जागचा हलत नाही आणि गट हिरमुसतो: ‘बाई, आमचं काहीच झालं नाही.’ अख्ख्या वर्गात नेमकं जे रीडिंग शोधायचं होतं ते त्यांच्या हाती लागलेलं असतं. पाणी दोन्ही बाजूंनी ये-जा करतंच आहे, फक्त जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं. हे रीडिंग खोडू देऊ नका.

उपाय सोपा आहे. चमच्याचं माप बंद करा आणि ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८, १ मोलर अशी द्रावणांची मालिका करा. द्रावण किती मोलर ते आडव्या अक्षावर आणि वजनातली टक्केवारी वाढ-घट उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. रेषा शून्याला जिथे कापते तो समपरासारी बिंदू, म्हणजे पेशीच्या रसाइतकं दाट द्रावण. १ मोलरसाठी ३४.२ ग्रॅम साखर लागते, १०० मिली द्रावणाला. ‘द्रावणाला’ हा शब्द महत्त्वाचा. १०० मिली पाणी मोजून त्यात ३४.२ ग्रॅम साखर ओतली तर सगळं मिळून १२१ मिलीच्या आसपास भरतं आणि द्रावण ०.८३ मोलरच राहतं. त्यापासून पुढची पातळ द्रावणं केलीत की तीही सगळी त्याच प्रमाणात खाली येतात. मग आलेखाची रेषा शून्याला नेहमीपेक्षा उजवीकडे कापते आणि पेशीचा रस उगाच दाट निघतो. म्हणून साखर आधी ६०-७० मिली पाण्यात पूर्ण विरघळवा, मग मेजरिंग सिलिंडरमध्ये १०० च्या खुणेपर्यंत पाणी घाला. लवकर विरघळावी म्हणून पाणी गरम केलं असेल तर ते पूर्ण निवू द्या. कडकडीत गरम द्रावणात पडलेल्या कापाच्या पेशी मरतात. मेलेल्या पेशीचं पटल काहीही आरपार जाऊ देतं, आणि मग तो प्रयोग परासरणाचा राहत नाही.

‘सगळे आकडे वाटेल तसे आलेत’

कुठलाच क्रम नाही, ०.२ मध्ये घट, ०.४ मध्ये वाढ, ०.६ मध्ये पुन्हा थोडी वाढ. अशा वेळी द्रावणं बाजूला ठेवा आणि टेबलावरचा काटा आणि टिपकागद बघा. दोष नव्वद टक्के तिथेच असतो, असं माझं मत आहे, आणि या एका मुद्द्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आधी काटा. १ सेंटीमीटर रुंद, १ सेंटीमीटर जाड आणि ५ सेंटीमीटर लांब काप साधारण साडेपाच ग्रॅमचा भरतो. त्यात १० टक्के वाढ झाली तर ती अर्ध्या ग्रॅमची. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा सहसा १ ग्रॅमखाली दाखवतच नाही, म्हणजे तुमचा सगळा निकाल त्याच्या एका अंकातच गडप होतो. सोनं मोजायला वापरतात तसला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा शाळेने एकदा घ्यावाच. प्रयोगशाळेच्या इतर सामानाच्या मानाने तो महाग नाही. तोवर युक्ती अशी, की एका बीकरमध्ये पाच-सहा काप ठेवायचे आणि त्यांचं एकत्र वजन करायचं. तीस ग्रॅममध्ये १० टक्के म्हणजे ३ ग्रॅम, ते साध्या काट्यावरही दिसतं. आणि वजन करताना पंखा बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे सांगणं जिवावर येतं, पण वाऱ्याने छोट्या काट्याचा शेवटचा अंक स्थिर राहत नाही.

आता टिपणं, म्हणजे वजन करण्याआधी कापावरचं पाणी कागदाने टिपून घेणं. या प्रयोगातली ही सगळ्यात दुर्लक्षित पायरी. वरच्या मापाच्या कापाचा पृष्ठभाग २२ चौरस सेंटीमीटर. त्याला जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर चिकटून राहिला, तर ते पाणी ०.२२ ग्रॅम झालं. म्हणजे पेशीत थेंबभरही पाणी न जाता वजन ४ टक्क्यांनी वाढलं. एका मुलाने काप नुसता झटकून काट्यावर ठेवला, दुसऱ्याने मुठीत दाबून पुसला, की दोघांच्या रीडिंगमध्ये खऱ्या फरकापेक्षा मोठा फरक पडतो. दाबून पुसणं तर आणखी वाईट, कारण त्याने कापाच्या कडेच्या तुटलेल्या पेशींतला रसही बाहेर येतो.

टिपणं बिघडलंय का हे ओळखायची एक चाचणी आहे. एक काप घ्या, पाण्यात बुडवून लगेच काढा, टिपा, वजन लिहा. पुन्हा बुडवा, टिपा, लिहा. असं चार-पाच वेळा करा. एवढ्या क्षणभरात परासरण होत नाही, तेव्हा आकडे सारखेच यायला हवेत. ते जर ३-४ टक्क्यांनी मागेपुढे होत असतील, तर तुमच्या मुख्य प्रयोगातली ३-४ टक्क्यांची वाढ-घट निरर्थक आहे. आधी हात बसवा. टिश्यू किंवा टिपकागद दुहेरी घडी करून पसरायचा, काप त्यावर ठेवून चारही बाजूंनी एकेकदा लोळवायचा, दोन्ही टोकं टेकवायची, झालं. बोटांनी दाबायचं नाही. वर्तमानपत्राचा कागद नको, तो पाणी नीट धरत नाही. आणि गटातल्या सगळ्या कापांचं टिपणं एकाच मुलीने किंवा मुलाने करायचं, सुरुवातीचंही आणि शेवटचंही.

सुरुवातीचंही, हे मुद्दाम सांगतोय. ताजा कापलेला बटाटा जवळून बघा. कापलेल्या तोंडावर दुधट रस जमा होतो आणि वाळला की त्याची पांढरी भुकटी दिसते. तो सुरीखाली फुटलेल्या पेशींचा रस आणि स्टार्च आहे. तो तसाच ठेवून पहिलं वजन केलंत, तर नंतर तो द्रावणात धुऊन जातो, बीकरच्या तळाशी पांढरा गाळ बसतो आणि तेवढं वजन उगाच घटलेलं दिसतं. पहिल्या वजनाआधी काप पाण्यातून एकदा चटकन काढा आणि शेवटी जसा टिपणार तसाच टिपा.

‘साध्या पाण्यातलाही काप वाढला नाही’

सगळेच आकडे खाली सरकलेत, पण क्रम बरोबर आहे, साध्या पाण्यात जेमतेम वाढ किंवा थोडी घट, आणि दाट द्रावणांत नेहमीपेक्षा जास्त घट. अशी खूण दिसली की विचारायचं, काप कापल्यावर कुठे ठेवले होते? उत्तर बहुधा एकच: ‘पाण्यात. काळे पडतात ना!’ घरी भाजी चिरताना बटाटा पाण्यात टाकायची सवय आपल्या सगळ्यांच्या हाताला आहे. पण त्या ताटलीतच अर्धं परासरण उरकलेलं असतं. पहिलं वजन करायच्या आत पेशी पाण्याने भरतात, पेशीभित्तिका ताणून घट्ट होते आणि पुढे साध्या पाण्यात आणखी शिरायला जागाच राहत नाही. आलेख शून्याला डावीकडे, पातळ बाजूला कापतो.

नेमकी उलटी खूण, म्हणजे सगळे आकडे वर सरकलेले आणि रेषा शून्याला उजवीकडे कापणारी, दिसली तर काप पंख्याखाली उघड्यावर सुकत राहिले होते का ते विचारा. कापून झाले की झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लगेच वजन करा. थोडे काळे पडले तर पडू द्या, त्या रंगाचा परासरणाशी संबंध नाही.

एखादाच आकडा उलटा आणि बाकी सगळे रांगेत असतील, तर फार खोलात जाऊ नका. बीकरची अदलाबदल झालेली असते. कागदाची चिठ्ठी ओली होऊन निघते. काचेवर मार्करने लिहा. आणि वाढ-घटीचे टक्के काढताना भागायचं पहिल्या वजनाने, घट असेल तिथे उणे चिन्ह ठेवायचं. हे चिन्ह गळालं की दाट द्रावणात बटाटा ‘वाढतो’.

‘१ मोलरमध्ये घट कमी का?’

बीकर बाजूने बघा. काप तरंगतोय का? बटाट्याची घनता १.०८ च्या आसपास, १ मोलर साखरेच्या द्रावणाची १.१३ च्या जवळ. त्यात बटाटा तरंगणारच, आणि वरची बाजू द्रावणाबाहेर राहणारच. रुंद बीकरऐवजी अरुंद परीक्षानळी वापरा आणि वरून काचेच्या कांडीने काप दाबून धरा. हे केल्यावरही टोकाला रेषा थोडी सपाट झाली तर घाबरू नका. पेशीतलं बरंचसं पाणी गेल्यावर घट मंदावते, ते खरंच तसं घडतं.

तास पुरत नाही हीही खरी अडचण आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात सेंटीमीटरभर जाड कापाच्या मध्यापर्यंत काही पोचत नाही. जाडी निम्मी केली तर लागणारा वेळ साधारण पावपट होतो. पण पातळ कापाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणजे टिपण्याची चूकही तेवढीच मोठी होऊन बसते. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी काप जाडच ठेवावेत आणि मधल्या सुट्टीच्या आधी सुरू करून सुट्टीनंतरच्या तासाला वजन करावं. साल मात्र कुणीच ठेवू नये. तिच्यातून पाणी जवळजवळ जात नाही, त्यामुळे एका बाजूला साल राहिलेला काप केळ्यासारखा वाकडा होतो.

मग रात्रभरच ठेवू या, असं कुणीतरी सुचवतं. मुंबईच्या हवेत नको. सकाळी पाणी गढूळ, कापांवर बुळबुळीत थर, वास, आणि साध्या पाण्यातला कापही मऊ. जिवाणूंनी पेशी संपवलेल्या असतात. दोन-तीन तास पुरेसे आहेत. शाळेत तेवढा वेळ मिळतच नसेल तर मुलांना घरी करू द्या.

गटागटांच्या आलेखांत थोडं अंतर उरलं तर ते बटाट्याचं असू शकतं. बाजारात एकाच ढिगात ताजा माल आणि शीतगृहातून आलेला माल मिसळलेला असतो. थंडीत राहिलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, रस दाट होतो, आणि समपरासारी बिंदू उजवीकडे सरकतो. कोंब आलेले बटाटे वगळा, एका गटाचे सगळे काप एकाच मोठ्या बटाट्यातून काढा, डोळ्यांजवळचा आणि अगदी मधला पाणचट भाग टाळा. आणि दोन गटांचे बिंदू ०.२६ आणि ०.३३ आले तर त्यांची ओढूनताणून सरासरी करण्याआधी दोघांचे बटाटे कुठून आणले ते विचारा. त्यातून एक नवा प्रयोग निघतो.

बटाट्यानंतर सूक्ष्मदर्शक

वजनाच्या आकड्यांनी कंटाळलेल्या मुलांना आत काय घडतं ते दाखवायचं असेल तर ऱ्हिओचं पान आणा. कितीतरी सोसायट्यांच्या कुंड्यांत ते असतं, वरून हिरवं, खालून जांभळं. इथे नेहमीची तक्रार एकच: ‘काही दिसत नाही.’ साल बहुतेक वेळा वरच्या बाजूची काढलेली असते किंवा जाड निघालेली असते. पान वाकवून मोडा आणि खालच्या बाजूचा पारदर्शक जांभळा पापुद्रा तिरका ओढा. कडेला तो एका पेशीइतका पातळ निघतो, तोच भाग घ्या. आधी साध्या पाण्यात बघा: पेशी काठोकाठ जांभळ्या. मग आच्छादनकाचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा रंग भित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा होतो. हाच रससंकोच.

याहून कितीतरी कमी मिठाने बटाटा लुळा पडतो, आणि ठाण्याच्या खाडीतलं तिवराचं झाड मात्र खाऱ्या पाण्यात उभं असतं, असा प्रश्न एखादा मुलगा इथे विचारतोच. तिवराच्या पेशींतला रस त्या खाऱ्या पाण्याहून दाट राखलेला असतो आणि जास्तीचं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर पडतं. उन्हात त्या पानावर मिठाचे कण हाताला लागतात.

ऱ्हिओचा पापुद्रा आता पुन्हा साध्या पाण्यात आणा, त्याच टिपकागदाच्या युक्तीने. पेशी परत भरायला हव्यात. भरल्या नाहीत, किंवा जांभळा रंग बाहेर पाण्यात उतरला, तर पटल फाटलेलं आहे. नवा पापुद्रा काढा आणि मिठाचं प्रमाण ५ वरून ३ टक्क्यांवर आणा.